टेकायची भिंत

हिरेगोंडीला खेडं म्हणावं तर मंगळवारी मोठा बाजार भरतो, आणि शहर म्हणावं तर त्याच बाजारात शेरडं मोकाट फिरून लोकांची भाजी खातात. होटगी जंक्शनाच्या पुढं दोन कोसांवरचं हे असं अधलंमधलं गाव. पाहुण्याला कौतुकानं दाखवाव्यात अशा इथं दोनच गोष्टी होत्या. एक गोड्या पाण्याची विहीर, ती बहात्तरच्या दुष्काळात आटली. दुसरं समाजमंदिर. त्याला दुष्काळानं काही केलं नाही. त्याचं जे काही केलं ते माणसांनी केलं, आणि त्यात पहिला हात होता तो सिद्धलिंगप्पा गवंड्याचा, म्हणजे ज्यानं ते बांधलं त्याचाच.

समाजमंदिर म्हणजे काही महाल नव्हे. एक लांबट दगडी खोली, पुढं ओसरी, वर पत्रा. पण तिची दक्षिणेकडची भिंत पाहण्यासारखी होती. दोन हात जाड, काळ्या घडीव दगडांची, आणि बसलेल्या माणसाच्या खांद्याइतक्या उंचीवर त्यात एक लोखंडी कडी शिसं ओतून बसवलेली. नवखा माणूस ती कडी बघून हमखास विचारायचा, "हितं काय बैल बांधता व्हय?" मग ओसरीवरची पोरं ओरडायची, "न्हाय, म्हातारी बांधतो!" आणि हसत सुटायची. नवख्याला वाटायचं, गाव वाह्यात आहे.

पोरं खरंच सांगत असायची. गावात निम्मी घरं लिंगायतांची, आणि लिंगायतांत मयताला आडवं करत नाहीत. न्हाऊ घालून, विभूती लावून, मांडी घालून बसवतात. डाव्या तळहातावर त्याच्या गळ्यातलं इष्टलिंग ठेवतात. मग गावानं यायचं, फूल वाहायचं, नमस्कार करायचा, भजन म्हणायचं, आणि बसल्या माणसाला बसलेलंच वाजतगाजत मातीत न्यायचं. रीत मोठी देखणी आहे. पण बसायचं म्हणजे पाठीला भिंत लागते, भिंतीत खुंटी लागते, आणि खुंटीतून छातीभोवती कापड घ्यावं लागतं. हिरेगोंडीतल्या गरिबाच्या घराला यातलं काहीच धड नव्हतं. एका खणाचं घर, त्यात निम्म्या जागेत मागाचा खड्डा, भिंती पांढऱ्या मातीच्या. सकाळी ठोकलेली खुंटी दुपारी ओंजळभर माती घेऊन हातात यायची.

ज्याचं जळतं त्याला कळतं. सिद्धलिंगप्पाला ते एकेचाळीस साली कळलं. त्याची आई नागव्वा गेली. त्यानं स्वतः खुंटी ठोकली, गवंड्याचा हात म्हणून चांगली खोल ठोकली. भजन रंगात आलं असताना ती निघाली आणि म्हातारी सगळ्या गावासमोर तोंडावर आपटली. लिंग घरंगळत उंबऱ्याशी गेलं. बायका किंचाळल्या. कुणी म्हणालं, नागव्वाचा जीव अडकलाय कशात तरी. कुणी म्हणालं, दुसऱ्याच्या भिंती बांधतो आणि आईला टेकायला भिंत नाही. म्हणणारा जाताजाता म्हणून गेला, पण सिद्धलिंगप्पाला ते जन्माला पुरलं. आईच्या कपाळावरची विभूती जमिनीच्या मातीनं पुसली गेली होती. ती त्यानं पुन्हा लावली, आणि लावतानाच ठरवलं की या गावात परत कुणी मेलेलं माणूस पडणार नाही.

त्याला आठ वर्षं लागली. सोमवारी माग बंद असत, तेव्हा दर सोमवारी एकेका घरानं एक माणूस द्यायचा. धनगरांनी माळावरचा दगड फोडू दिला, तो ज्याच्या त्याच्या डोक्यावरून आला. कडी त्याच्याच गोठ्यातली, बैल मेल्यावर रिकामी पडलेली. शिसं ओतायच्या दिवशी पळी धरली होती त्याच्या बायकोनं, शिवम्मानं. एक थेंब उडाला आणि तिच्या डाव्या मनगटावर बसला. तिनं हात हलवला नाही, शिसं संपेपर्यंत पळी तशीच धरली. मग बाहेर जाऊन माठात हात बुडवून रडली. कडी घट्ट झाली तसा सिद्धलिंगप्पा स्वतःच भिंतीला टेकून बसला, उपरणं कडीतून घेऊन छातीभोवती बांधलं आणि सगळं अंग पुढं टाकलं. कडी हलली नाही. मेलेल्या माणसासारखी मान टाकून बसलेला नवरा बघून शिवम्मा रडतारडता हसायला लागली.

त्या भिंतीला पंचवीस वर्षांत किती माणसं टेकली याला गणती नाही. कोष्टी टेकले, तेली टेकले, रेल्वेत खलाशी होता तो टेकला. आणि ते काही नुसतं मयताचं घर नव्हतं. पावसाळ्यात शाळा गळायची तेव्हा पोरं तिथंच पाढे म्हणायची. श्रावणात पुराण लागायचं. लग्नंही तिथंच. सकाळी मयत उठलं की शिवम्मा जमीन सारवायची आणि संध्याकाळी त्याच जमिनीवर कुणाची तरी हळद फुटायची. कुणाला काही वाटत नसे. "आपल्यात सुतक कुटं असतंय?" शिवम्मा म्हणायची. "देवाकडनं आलेलं देवाकडं गेलं. त्यात इटाळ कसला?" सारवून झालं की कमरेवर हात ठेवून ती भिंतीकडं बघायची आणि नवऱ्याला ऐकवायची, "माजं एकच मागणं हाय बगा. मला हितंच बसवा. कडी मी वतलीया की." सिद्धलिंगप्पा म्हणायचा, "आदी माजा नंबर." असं त्यांचं चालायचं.

चौऱ्याहत्तर साली त्यांच्या नातीचं, महादेवीचं, लग्न जमायला आलं. जमायला आलं म्हणजे दोन ठिकाणी जमता जमता मोडून तिसऱ्या ठिकाणी. मुलगा सोलापूरचा, शुक्रवार पेठेत दुकान असलेला. मुलाचे काका समाजमंदिर बघायला आले, त्यांची नजर कडीवर गेली. पोरांनी आपलं नेहमीचं उत्तर दिलं. काका हसले नाहीत. ओसरीवर येऊन म्हणाले, "जिथं मढी बांधतात तिथं आमच्या पोराच्या डोक्यावर अक्षता पडायच्या नाहीत." हेही लिंगायतच. पण पेठेत राहून त्यांना नवीन भीती शिकायला मिळाली होती.

घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं. दुसरीकडं लग्न करावं तर गावात तेवढी जागा नाही, आणि नुसती जागा बदलून काका ऐकणारे नव्हते. ज्या गावात अशी कडी आहे त्या गावात त्यांना सोयरीकच नको होती. सिद्धलिंगप्पाचा मुलगा पंचाक्षरी अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात होता आणि समाजमंदिराच्या कमिटीचा सेक्रेटरीही होता. तो वाईट माणूस नव्हता. लेकीचा बाप होता. त्यानं घरीच कमिटी बसवली आणि ठराव लिहिला : समाजमंदिरात यापुढे प्रेत आणू नये. लग्न, पुराण, शाळा एवढ्यासाठीच वापर व्हावा. मग कुणीतरी म्हणालं, "अप्पांनी सही केली तर आमी करतो." सगळ्यांनी सिद्धलिंगप्पाकडं पाहिलं.

सिद्धलिंगप्पाला दाराआडून महादेवी दिसत होती. बावीस वर्षांची पोर, दोनदा नाकारलेली, मान खाली घालून तांदूळ निवडत होती. त्यानं सही केली.

कडीही त्यानंच काढली. दुसऱ्याच्या छिन्नीनं दगड उडाला असता, म्हणून म्हणे. सकाळी बसला तो दुपारी कडी हातात आली. भोकात सिमेंट भरलं, वरून चुना मारला, आणि पंचाक्षरीनं त्यावर कॅलेंडर लावलं. शिवम्मा सगळा वेळ ओसरीवर उभी होती. ती एवढंच म्हणाली, "शिसं निगालं का सगळं?" मग तिनं कडी पदरात घेतली, घरी नेऊन चिंचेनं घासली आणि कोनाड्यात आपल्या पूजेच्या सामानाशेजारी ठेवली.

लग्न थाटात झालं. महादेवी सुखानं नांदायला गेली, हे खोटं नाही.

पुढच्या श्रावणात महिपती कोष्ट्याची आई निंगव्वा गेली. महिपतीचं घर म्हणजे माग, चूल आणि मधे पाय ठेवायला जागा. तो सकाळीच सिद्धलिंगप्पाकडं आला. समाजमंदिराची किल्ली सिद्धलिंगप्पाकडंच असायची.

"काका, आई गेली," महिपती म्हणाला. "दार उगडून द्या."

सिद्धलिंगप्पाच्या हाताला किल्ली लागली होती. त्यानं ती परत खिशात सोडली. महादेवीला सासरी जाऊन वर्षही झालं नव्हतं, तिला दिवस गेले होते. पेठेत कळलं तर काका काय म्हणतील, हे त्याच्या डोळ्यांपुढं आलं.

"ठराव झालाय, महिपती."

"ठराव झालाय ते ठाव हाय. पर भिंत तुमची हाय की, काका."

"मी सही केलीया रं."

महिपती भांडला असता तर सिद्धलिंगप्पाला बरं वाटलं असतं. पण तो "बरं" म्हणाला आणि गेला.

शिवम्मा फुलं घेऊन तिकडं गेली ती दुपार टळल्यावर आली. पाय धुऊन उंबऱ्यावर बसली. सिद्धलिंगप्पा उगाच छिन्नीला धार लावत होता.

"महिपतीनं आईला पाठ दिली," ती म्हणाली. "अंगणात पाट मांडला, म्हातारीला बसिवलं आन् आपण मागनं बसला, पाठीला पाठ लावून. कापड दोगांच्या छातीवरनं बांदलं. सकाळधरनं पाणी न्हाय पेला. माणसं येतील तशी म्हातारीच्या पाया पडायची, आन् तो तिकडं तोंड करून बसलेला, मागाकडं बगत."

छिन्नी दगडावर घासत राहिली.

"पडली न्हाय निंगव्वा," शिवम्मा म्हणाली. आणि मग, जणू भाकरीला पीठ आहे का विचारावं तशा आवाजात, "मला कोण पाठ देनार ओ?"

सिद्धलिंगप्पानं छिन्नी फिरवून दुसरी बाजू दगडाला लावली. त्याला उत्तर माहीत नव्हतं असं नाही. तिच्याकडं बघायचं धाडस नव्हतं.

कार्तिकात शिवम्मा अंथरुणाला लागली. छातीत कफ दाटला. डॉक्टर आले, सुई टोचून गेले. आठ दिवसांत तिनं कडीचं नाव काढलं नाही, भिंतीचंही नाही. फक्त नवव्या दिवशी दुपारी डोळे उघडून विचारलं, "कडी कुटं हाय?"

"कोनाड्यात हाय."

"आसू दे," ती म्हणाली. असू दे म्हणजे काय, हे त्यानं विचारायला हवं होतं. विचारू, बरं वाटलं की विचारू, असं म्हणत तो बसून राहिला, आणि दुसऱ्या दिवशी तांबडं फुटताना ती लिंगैक्य झाली.

बायका धावून आल्या. अंग धरायच्या, म्हणजे ताठायच्या, आत मांडी घालावी लागते, नाहीतर मग माणूस बसत नाही. त्यांनी तिला न्हाऊ घातलं, इरकल नेसवलं, विभूती लावली. सायकल मारत पंचाक्षरी कारखान्यातून आला, आईचे पाय धरून रडला आणि मग बापापुढं हात केला.

"अप्पा, किल्ली द्या. समाजमंदिर उगडतो."

गल्लीत कमिटीतली माणसं उभी होती. त्यांनीही माना हलवल्या. एक म्हणाला, "तुमाला कोन न्हाय म्हननार? तुमीच बांदलंय." दुसरा म्हणाला, "एका दिवसाचं काय एवडं?" त्यांच्या मागं, भिंतीच्या सावलीत महिपती उभा होता. फूल आणलं होतं, ते हातात धरून उभा होता.

सिद्धलिंगप्पाचा हात खिशात गेला होता. किल्ली बोटांत होती. पन्नास पावलांवर ती भिंत होती, त्यानं एकेक दगड घडवलेली, आणि बायकोचं सबंध जन्मातलं एकच मागणं होतं. त्याला ते मागणं आत्ता जेवढं ऐकू येत होतं तेवढं ती जिवंत असताना कधी आलं नव्हतं. त्यानं महिपतीच्या हातातल्या फुलाकडं पाहिलं.

"न्हाय," तो म्हणाला. "हितंच बसवा."

"अप्पा! अव्वाचं मागणं हुतं!"

"मला ठाव न्हाय व्हय रं?" सिद्धलिंगप्पाचा आवाज फुटला. "निंगव्वाला जी भिंत दिली न्हाय ती हिला कुटल्या तोंडानं देऊ? पाट मांड."

अंगणात पाट मांडला. बायकांनी शिवम्माला त्यावर बसवलं, आणि सिद्धलिंगप्पा तिच्यामागं जाऊन जमिनीवर मांडी घालून बसला. सत्तरी उलटलेला माणूस, बसताना गुडघे कटकट वाजले. त्यानं पाठ तिच्या पाठीला लावली. उपरणं दोघांच्या छातीवरून घेतलं, गाठ पंचाक्षरीनं मारली.

तिचे ओले केस त्याच्या मानेला लागत होते. मणके मणक्यांना लागत होते. ती फार हलकी झाली होती. पन्नास वर्षांच्या संसारात ती दोघं चार माणसांदेखत एकमेकांना खेटून कधी बसली नव्हती. तिला लाज वाटली असती, असं त्याच्या मनात आलं, आणि मग डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं ते थांबेना. पुसायचं तर हात वर करावा लागला असता, आणि हात वर केला तर पाठ हलली असती. त्यानं पुसलं नाही.

समोर त्याच्या गोठ्याची मातीची भिंत होती. माणसं पलीकडून येत होती, शिवम्माच्या पाया पडत होती, त्याला फक्त पावलं ऐकू येत होती. कुणाची पावलं कुणाची हे तो ओळखत होता. झांजा वाजत होत्या. भजन चालू होतं. मनातल्या मनात तो तिच्याशी बोलत होता. चुकलो, म्हणत होता. पोरीसाठी केलं, म्हणत होता, आणि लगेच, न्हाय, पोरीचं नाव कशाला, भिऊन केलं. असू दे म्हणालीस ते कशाला म्हणालीस? राग सोडलास की आशा सोडलीस?

अकराच्या गाडीनं महादेवी आली. पोट पुढं आलेलं, तरी धावत आली. आजीच्या पायांवर डोकं ठेवून रडली, मग उठून वळसा घालून आजोबांच्या समोर बसली.

"आज्जा, हितं का? अंगणात का?" आणि मग आवाज खाली आणून, "माज्यामुळं व्हय?"

"न्हाय गं बाई," सिद्धलिंगप्पा म्हणाला. "सही माजी हाय."

ऊन डोक्यावर आलं. एका म्हाताऱ्या बाईनं शिवम्माचा खांदा चाचपून पाहिला आणि ती पुढं येऊन म्हणाली, "उठा आता, अप्पा. आंग धरलंय. आता ती आपली आपन बसती. तुमी पानी घ्या जरा." कुणीतरी उपरण्याची गाठही सोडली. सिद्धलिंगप्पानं मान हलवली. तो उठला नाही. पाठ तशीच लावून बसून राहिला, गोठ्याच्या भिंतीकडं बघत, तासभर, आणखी तासभर. आता कोण कुणाला टेकलंय हे समोरून बघणाऱ्याला कळत नव्हतं.

मयताला बसवून न्यायचं केळीच्या खुंटांचं विमान तयार झालं. जंगमस्वामींनी मंत्र म्हटले. तिच्या डाव्या तळहातावर लिंग ठेवलं होतं, मनगटावर शिशाचा जुना डाग होता. पंचाक्षरीनं कोनाड्यातली कडी आणून तिच्या मांडीशी ठेवली. चौघं वाकले. "हर हर महादेव" म्हणाले आणि शिवम्माला पाटासकट उचललं.

सिद्धलिंगप्पा मागं कोसळला.

सगळा दिवस जिला सावरलं ती पाठीमागून निघाली, आणि तो सरळ उताणा पडला, डोकं जमिनीवर आपटलं. कुणीतरी ओरडलं. विमानाजवळची माणसं थबकली. आभाळाकडं तोंड करून पडलेल्या त्या म्हाताऱ्याला क्षणभर वाटलं की भजन चालू आहे, खुंटी निघालीय, आणि पडणारी आपली आई आहे.

मग त्याच्या खांद्याखाली हात गेले. महिपतीनं त्याला उठवून बसवलं. पाठीची माती झटकली, डोक्याचा फटका बोटांनी चाचपला, आणि तो त्याच्यामागं गुडघे टेकून बसला, छाती त्याच्या पाठीला लावून.

"टेका, काका," महिपती म्हणाला. "घाई न्हाय. माणसं थांबत्यात."